सातवी टीप

कवठे येमाई,
१४ सप्टेंबर

प्रिय भारतदादा,

परवा फोनवर तू विचारलंस, "सहा महिन्यांत तू बनवलंस तरी काय?" या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. कारण मी काहीच बनवलं नाही. सहा टिपा पुसल्या, एवढंच. तरीही पदवीच्या दिवशी वाटला नव्हता इतका अभिमान आज वाटतोय. फोनवर सांगायला गेले तर तू मधेच "असू दे गं" म्हणशील, म्हणून लिहितेय. कंपनीत चहाच्या सुट्टीत वाचू नकोस, सणसवाडीच्या खोलीवर निवांत बसून वाच.

आईला माझं काम समजावलं, तर तिनं शेजारच्या मुक्ताकाकूंना सांगितलं, "आमची प्रांजल कम्पुटरमधला कचरा काढती." काकू म्हणाल्या, "घरात पयली पदवीधर, आन् तितं बी झाडलोटच व्हय?" मीही हसले. पण तुला नीट सांगते. कॉम्प्युटरवरच्या फाइली जागच्या जागी सांभाळणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला फाइलसिस्टिम म्हणतात. एकाच फाइलला दोघांनी एकदम हात घातला तर ती बिघडते, म्हणून एकानं लॉक लावायचं आणि दुसऱ्यानं थांबायचं. कुठलं लॉक कधी लावायचं, याच्या टिपा प्रोग्रॅम लिहिणारे लोक त्यातच ठेवून जातात, पुढच्या माणसासाठी. मशीन त्या वाचत नाही, माणूस वाचतो. आमच्या फाइलसिस्टिममधलं एक लॉक पाच वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं, टिपा मात्र तशाच राहिल्या. पहिल्या महिन्यात मी नऊ दिवस ते लॉक शोधत होते. मलाच अक्कल नाही असं वाटून एकदा रडलेही. तेव्हा ठरवलं, माझ्यामागून येणाऱ्या मुलीला हे रडू नको.

अशा सात टिपा सापडल्या. जगभरातले लोक मिळून लिहितात त्या या फाइलसिस्टिममध्ये माझा एक तरी बदल ३१ ऑगस्टपर्यंत स्वीकारला गेला, तर आमची कंपनी मला कायम करणार होती. मी कायम झाले की तू डबल ड्युटी सोडणार, हे आपलं ठरलेलं. सुदर्शन सर, आमचे वरिष्ठ, म्हणाले, "सातही काढ आणि आजच पाठव. टिपाच तर आहेत." तारीख होती वीस ऑगस्ट.

त्या संध्याकाळी टाकीवर चढून, रेंज धरून मी तुला हे आनंदानं सांगितलं आणि तू भलतंच विचारलंस. "ज्यानं लिवल्या त्याला इचारलंस का? न्हाई? मंग हात कशाला लावतीस?" मग तू तुमच्या कंपनीतल्या हौसरावांची गोष्ट सांगितलीस. तुमच्याकडे मशीन दुरुस्तीला घेतली की प्रत्येक जण स्विचला आपलं कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावतो आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. हौसराव कुलूप तसंच ठेवून यवतला घरी गेले. सगळे म्हणाले, विसरला म्हातारा, कटर आणा. तू तेवढा फोन लावलास. ते म्हणाले, "भारत, थांब रं! आतलं झाकण उघडं हाय."

मला रात्रभर ते उघडं झाकणच दिसत राहिलं. सकाळी टिपा लिहिणाऱ्या माणसाचा पत्ता शोधला. नॉर्वेतले एक निवृत्त गृहस्थ. त्यांना मेल केली आणि वाट बघत बसले. सर रोज विचारायचे, "आलं का तुझ्या आजोबांचं उत्तर?" पंचवीस गेली, तीस गेली. मी सातही टिपा तीन-तीनदा तपासल्या होत्या, सातही शिळ्याच वाटत होत्या. एकतीस तारखेला पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललं.

उत्तर तीन सप्टेंबरला आलं. सहा टिपा खरंच शिळ्या, त्या राहिल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. सातवी मात्र अजून खरी होती! चालू डिस्क कुणी मधेच उपसली, तर लॉक गेलं असलं तरी त्या एका वाटेवर दुसऱ्यानं थांबायचं हे बंधन पाळावंच लागतं, नाहीतर कुणाच्या तरी फाइली जातात. मी ती पुसणार होते, दादा. मी सहा काढल्या, सातवी आजच्या शब्दांत नव्यानं लिहिली आणि नऊ तारखेला बदल स्वीकारला गेला. सर म्हणाले, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस." हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं.

आता खरं सांगायचं ते. नऊ तारीख म्हणजे मुदतीनंतर. मी कायम झाले नाही, आणखी तीन महिने उमेदवारी. त्या कागदावर मी सही केली आहे, हसत केली आहे. हे तुझ्या सल्ल्यामुळं झालं असं मनात आणशील, म्हणूनच हे पत्र. तसं आणू नकोस. मला ते काम तुझ्यासारखं करता आलं, याचाच तर अभिमान आहे. आणि "तू कायम झालीस की माझ्या राहिलेल्या बारावीचं बघू" असं म्हणत तू आणखी एक वर्ष घालवशील, हेही मला दिसत होतं. बाहेरून परीक्षेचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. पेटीतून तुझा शाळा सोडल्याचा दाखला काढला, शिरूरच्या कॉलेजात जाऊन कागद दिले. शुक्रवारी तुझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी तू "कशाला गं?" एवढंही न विचारता सांगितलास, तो त्याचाच होता. फॉर्म भरून झाला आहे.

तुझीच,
प्रांजल