राणीच्या मनातलं

९ जून, सकाळी ७.१०
बँकेतून व्हीआरएस घेतली ती याचसाठी. लेकीच्या, प्राचीच्या, कपाटातल्या तिन्ही इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या (तीनपैकी दीड). ग्रीक पुराणं, पण बायकांच्या बाजूने सांगितलेली. मराठीत हे काम मी करणार. नायिका: लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वीस वर्षं वाट बघणारी राणी. रोज हजार शब्द. दिवाळीला पुस्तक.

१० जून
शब्द शून्य. वह्या आणायला परळ नाक्यावर गेलो, त्यात दिवस गेला. काळजी नाही. बाईचं मन मला पहिल्यापासून कळतं.

१७ जून
शब्द ४०. अंबिका शाळेतलं ऑफिस लवकर सोडून घरी. म्हणाली, जरा बोलायचं होतं. म्हटलं, राणी आत्ता कुठे बोलायला लागलीय, नंतर बघू. बरं म्हणाली. बायको समजूतदार आहे.

२ जुलै
लेकीला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. म्हणाली, "पप्पा, अकरा पानं झाली, ती नुसती रडतेय. तिला दुसरं काही होत नाही का?" या पिढीला दमच नाही. तरी उद्यापासून राणीला राग आणायचा.

८ जुलै
राग जमत नाही. अंबिका बांगडे साफ करत होती. विचारलं, तुला राग येतो का गं कधी? म्हणाली, "येतो." आणि पुढचा बांगडा हातात घेतला. एवढ्यावर काय लिहिणार?

२१ जुलै
प्राची म्हणते, गुरुवारी आईची बायोप्सी, तुम्ही जा सोबत. गुरुवारीच नेमकं दादरला लेखक मंडळात माझं वाचन. शेवटी प्राचीनेच रजा टाकली. बायोप्सी म्हणजे साधी तपासणी असते. गुगल केलं. (पान उघडलं, वाचलं नाही.)

२३ जुलै
श्रोते चार. राणीच्या एकटेपणाचा उतारा जबरदस्त झाला. पंख्याच्या आवाजात टाळ्या ऐकू आल्या नसाव्यात. घरी दोघी जेवून झोपलेल्या. माझं ताट झाकलेलं.

४ ऑगस्ट, दुपारी
कॅन्सर आहे. छातीत गाठ.
डॉक्टरांनी विचारलं, गाठ कधीपासून? मीच पुढे होऊन सांगितलं, झाले असतील पंधरा-वीस दिवस.
अंबिका म्हणाली, "मार्चपासून."
डॉक्टरांनी तेच लिहिलं. मग विचारलं, ऑपरेशनच्या वेळी सोबत कोण राहणार? तिने प्राचीचं नाव दिलं, नंबरही तोंडपाठ सांगितला.
मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत होतो.