बिघडलेली भट्टी आणि उतारावरचे रोट

मौले इद्रिस, वरचा मोहल्ला
मंगळवार, दुपारची झोप मोडून

चि. नजात हिला मोठ्या नणंदेचा सलाम. अल्ला तुला भरपूर आयुष्य देवो, आणि त्यातलं थोडं दुसऱ्याचं ऐकून घेण्यात जावो. तुझी पाठ कशी आहे? द्रीसचं पित्त? (त्याला सांग, कॉफी सोड. सोडणार नाही, पण सांगायचं काम बहिणीचं, ते मी केलं.) तुझ्या आईचे गुडघे? तुझ्या बँकेतले साहेब? सगळी बरी असोत. मी बरी आहे, पोरंही बरी आहेत. किती बरी आहेत हे फोनवर सांगायला जावं तर तू मध्येच ‘कोण खोकलं?’ म्हणून विचारतेस आणि माझं वाक्य तिथल्या तिथे मरतं. म्हणून लिहायला बसले. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. बायकांच्या वर्गात दोन हिवाळे बसले त्यात एवढंच पदरात पडलं. वाचून घे. बसवाला अब्बास पत्र घेऊन येईल, त्याला चहा पाज, आणि साखर नीट घाल, तुझ्यासारखा डॉक्टरी चहा नको.

पोरांना इथे सोडताना तू काय म्हणालीस ते मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी झुहैरच्या वजनाचं सांगितलंय, सुट्टीत हालचाल पाहिजे, जुलै सरताना येऊन बघते, अशीच लोळत असली तर दोघांना उचलून कासाब्लांकाला नेते, पोहण्याच्या क्लबात घालते, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून तिकडेच. माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन म्हणालीस. मी तेव्हा गप्प बसले (द्रीसला विचार, तो घाबरला होता). आता तुझा यायचा शुक्रवार तीन दिवसांवर आलाय, तर माझं ऐक.

तू आणून सोडलास तो मुलगा चौकापासून माझ्या दारापर्यंत येताना तीनदा बसला, आणि तिसऱ्यांदा बसला तेव्हा त्यानं लिफ्ट कुठे आहे म्हणून विचारलं. अकरा वर्षांचा घोडा! शैमा आठ वर्षांची, ती दिवाणावर अशी पसरायची की मी दोनदा तिला उशी समजून झटकली. तू दिलेली ती रबराची चटई मी अंथरली, फोनवर तुझी ती व्यायामवाली बाई लावली. बाई उड्या मारून घामाघूम झाली, आणि ही दोघं लोळत, गोड सोडा पीत तिच्याकडे बघत राहिली. मग मी ओरडले. माझा आवाज तुला माहीत आहे, आमच्या गल्लीत गाढवंसुद्धा वाट सोडतात. यांनी फक्त कूस बदलली. (चटई छान आहे हं. गच्चीवर तिच्यावर अंजिरं सुरेख वाळतात.)

अशातच आमची गॅसची भट्टी बिघडली. कशी बिघडली ते राहू दे. भट्टी नाही म्हणजे घरात रोट नाही, आणि रोट नाही तर जेवायचं कशाशी, भिंतीशी? म्हटलं, बाळांनो, मोहल्ल्याची भट्टी खाली बूश्ता उस्तादाकडे आहे. ज्याला जेवायचंय त्यानं परातीत हात घालायचा, आणि ज्यानं हात घातला त्यानं रोटांची फळी भाजायला न्यायची. झुहैर म्हणाला, "आत्या, दुकानातून विकत आणू या की." म्हटलं, तुझ्या आजीनं कबरीतून ऐकलं असतं तर उठून आली असती. मळ! पहिल्या दिवशी त्यानं कणीक मळली की कणकेनं त्याला, ते सांगता येणार नाही, पण भुवयांपर्यंत पीठ आणि तोंडावर माझ्या बापाचा राग होता. तिथेच मला आशा वाटली.

फोन मी काढून घेतला नाही, उगीच माझ्या नावानं ओरडू नकोस. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळी धरायला दोन्ही हात. फोन धरायला तिसरा हात अल्लानं दिलेला नाही, आणि त्याला कारण असणार. जायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत. तुझ्या त्या टोप्याही घालतात, टोपीवर चुंबळ. मोहल्ला हसला पहिल्यांदा, आता सवय झालीय.

जाताना उतार, येताना चढ. पहिल्याच दिवशी भाजलेले रोट घेऊन चढताना झुहैरची फळी कलली आणि आमचे रोट, गोल ते, उभे राहून पायऱ्यांवरून उड्या मारत निघाले खाली. शैमा किंचाळत मागे, तिच्या मागे झुहैर, त्याच्या मागे मोहल्ल्यातली रिकामटेकडी सगळी पोरं. एक रोट भाजीवाल्याच्या गाढवानं खाल्ला आणि उरलेले मशिदीच्या कोपऱ्यावर धरले. घरी आली तेव्हा मी चप्पल हातात घेतली होती. पण झुहैर धापा टाकत हसत होता. नजात, तुझा मुलगा हसताना कसा दिसतो हे तुला आठवतं का? मी चप्पल परत पायात घातली. धूळ झटकून रोट खाल्ले, वर ताकाचा तांब्या रिकामा केला, आणि सोड्याची आठवण कोणाला झाली नाही. मी तर मुळीच काढली नाही.

आता मागच्या गुरुवारचं ऐक. बूश्ता उस्तादाला मोतीबिंदू, कोणाचा रोट कोणाचा ते तो बोटानं खूण चाचपून ओळखतो. आमच्या घराची खूण काट्याचे चार टोचे, आईपासूनची. तुझ्या लेकाला ती जुनाट वाटली. त्यानं रोटावर फुटबॉल काढला, गोल आणि मध्ये भोक. बाकीच्या पोरांना इतका आवडला की त्यांनीही आपापल्या घरच्या फळीवर फुटबॉल काढले. उस्ताद बोट फिरवतो तर प्रत्येक रोट फुटबॉल! म्हणाला, "सात पिढ्यांत असा घाणा झाला नाही!" आणि हाताला येईल तो रोट येईल त्या फळीवर टाकून मोकळा झाला.

आणि तोच दिवस हाज्जा रकियाच्या मुलीला बघायला मेकनेसहून माणसं यायचा. रकिया, समोरची. माझ्याशी सहा वर्षं बोलत नाही (तिनं माझी कोंबडी घाबरवली, हे प्रकरण तुला माहीत आहे). तिचे बडीशेप घातलेले, तिळाचे पाहुण्यांचे रोट गेले कोणा-कोणाकडे, आणि तिच्या ताटात आले माझे जवाचे. दारात येऊन उभी राहिली, हात कमरेवर. "तामू, तुझ्या भाच्यानं माझी मुलगी घरात बसवली!" मी तोंड उघडणार, तोच झुहैर पुढे झाला. "हाज्जा, पाहुणे चढायच्या आत तुमचे सगळे रोट आणून देतो." लिफ्ट विचारणारा मुलगा हा! शैमाला घेऊन वरच्या गल्लीपासून खालच्या वेशीपर्यंत दार न् दार पालथं घातलं. शैमा वास घेऊन ओळखायची, तो पळायचा. एका घरात रोट मोडायला घेतला होता, तो हातातून ओढून आणला. पाहुण्यांची गाडी चौकात थांबली आणि शेवटचा रोट रकियाच्या ताटात पडला. मुलगी पसंत पडली! त्यातला एक माझा जवाचा चुकून तिथेच राहिला, तो मुलाच्या आईनं मागून घेतला, हे मुद्दाम लिहिते. संध्याकाळी रकिया वाटीभर मध घेऊन आली. म्हणाली, "मुलगा बाणासारखा पळतो गं." सहा वर्षांनी बोलली ती हे.

तर शुक्रवारी ये. चौकात गाडी लाव आणि चढून ये. झुहैर तुला घ्यायला खाली येईल. तो न बसता चढेल. तू बसशील. मी वरून बघणार आहे.

तुझी नणंद,
तामू

ता. क. भट्टी बिघडलेली नाही. तिचं बटण मी काढून मसुराच्या डब्यात घातलंय. पोरांना सांगू नकोस, सगळं मुसळ केरात जाईल.

आणखी ता. क. आत्ता मसूर काढायला गेले, तर डब्यात बटण नाही. शैमाला दरडावलं तेव्हा म्हणाली, "आत्या, ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात सापडलं." झुहैरनं दुसरीकडे लपवलंय, आई आली आणि भट्टी चालू झाली तर खाली जायला निमित्त उरणार नाही म्हणून. कुठे ते सांगत नाही. धमकी दिली, चप्पल दाखवली, मध देऊ केला. नाही सांगत. तेव्हा भट्टी आता खरंच बंद आहे. येताना बटण आणू नकोस. आणायचेच तर दोघांना बूट आण, जुन्यांचे तळ गेले. शाळा उघडेपर्यंत पुरतील असे मजबूत आण.