शीतपेटी विकणे आहे, फक्त खात्रीच्या गिऱ्हाइकास

१७ एप्रिल, सकाळी ८
व्यवहार मोठा आहे, नोंद असावी म्हणून आजपासून रोजनिशी. बाबांची शीतपेटी ऑनलाइन विकणार. काचेच्या झाकणाची, साडेसहा फुटी, मयत ठेवायची. गावात कोणी गेले आणि मुलगा लांबून यायचा असला की बाबा ती मंडपाच्या सामानाबरोबर भाड्याने देत. पौषात बाबाच गेले. ज्योत्स्नाताई पुण्याहून येईपर्यंत एकोणीस तास तेही तिच्यातच होते. तेव्हापासून पेटी बैठकीत आहे.
विकण्याचे कारण: जागा अडते. दुसरे कारण नाही.

दुपारी १
चौदा फोटो काढले. सगळ्यांत काचेत कोणीतरी उभे दिसते. तो मीच असणार. मी बाजूला होतो, पण काचेचे काही सांगता येत नाही. तेरा डिलीट केले. एक ठेवला. त्यात तो दिसतो, पण कमी दिसतो.

१८ एप्रिल
सुरक्षित विक्रीचे अकरा व्हिडिओ पाहिले. नियम लिहून भिंतीला चिकटवले. ओटीपी सांगायचा नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही. अनोळखी माणूस घरी नको. दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी भेटायचे. घाई करणाऱ्यापासून सावध. भावनिक गोष्ट सांगणाऱ्यापासून जास्त सावध.
जाहिरात टाकली. चालू स्थितीत, मालक वारल्यामुळे विकणे आहे. शेवटचे खोडले. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले.
आई जेवायच्या आधी काचेवर हात ठेवून आज कोणती भाजी केली ते सांगते. मी म्हणालो, प्लग काढलेला आहे. ती म्हणाली, त्यानं काय होते.

२१ एप्रिल
तीन फोन. पहिला मिलिटरीतला साहेब. बदली झाली, न पाहता पूर्ण पैसे देतो, फक्त क्यूआर स्कॅन करा. मी विचारले, बदलीच्या सामानात ही पेटी कशाला? फोन बंद. माझा विजय. दुसऱ्याने बदल्यात मोटारसायकल देऊ केली. तिसऱ्याने विचारले, लग्नात कोल्ड्रिंक राहीन काय हिच्यात? त्याला नम्रपणे नाही म्हणालो.

२३ एप्रिल, दुपारी २
लाइट गेलेली. प्लगही काढलेला. तरी पेटी घुरघुरली. यंत्र आहे, उन्हाने पत्रा फुगत असेल. मी भीत नाही. देवळाच्या ओट्यावर वारा चांगला लागतो म्हणून आजपासून तिथे झोपणार. रात्रीसुद्धा.

२६ एप्रिल
बरे गिऱ्हाईक. इंद्रभान नावाचे, सत्तरीपुढचे, मंगरूळपीरकडच्या गावचे. म्हणाले, घरी येऊन पायतो. नियम सांगितला: अनसिंगचा बस स्टँड, सकाळी अकरा. ते म्हणाले, बापू, पेटी स्टँडवर आनतं काय तू? म्हणालो, आणतो. ते म्हणाले, बरं.

२८ एप्रिल
गोलूच्या पिकअपमधून पेटी नेली. गोलू माझा वर्गमित्र, दहावी नापास. मी बारावीपर्यंत गेलो होतो.
पाच मिनिटांत पन्नास माणसे. कोन गेलं? म्हणालो, कोणी नाही. हे ऐकून एक म्हातारी हळहळली, म्हणे नाव सांगाले बी कोनी नाई बिचाऱ्याले. बबलू चहावाल्याने बेवारस म्हणून वर्गणी सुरू केली. ज्याची त्याला परत करण्यात पाऊण तास गेला. वर्दळीचे ठिकाण असल्यामुळे सुरक्षितता मात्र पूर्ण होती.
मग इंद्रभानकाका आले. धोतर, काळी छत्री. पेटी चारही बाजूंनी पाहिली, चपला काढल्या आणि म्हणाले, लांबी पुरते काय पाहू दे. पिकअपमध्ये चढून आत आडवे झाले. डोळे मिटले. म्हणाले, झाकन लाव. मी लावले नाही. एका बाईने हात जोडले. काका उठून बसले आणि म्हणाले, पुरते.
मग कारण सांगितले. गेल्या मे महिन्यात त्यांच्या हिरीबाई गेल्या. मुलगा सुरतेला. बर्फाच्या लाद्या लावल्या, वाट पाहता पाहता बर्फ संपला. पोराले मायचं तोंड दाखोता आलं नाई, म्हणाले. आता पेटी गावासाठी घ्यायची, कोणाचेही माणूस ठेवता यावे म्हणून. इसार देऊ लागले.
घेतला नाही. भावनिक गोष्ट. आधारची प्रत, रहिवासी दाखला आणि पेटी गावासाठी आहे असा ग्रामपंचायतीचा ठराव मागितला. गोलू म्हणाला, अबे, म्हताऱ्याले पेटी देऊन राह्यला का नोकरी? दुर्लक्ष केले.
येताना पिकअपमध्ये मी पुढे बसलो. मागे कोणीतरी कूस बदलल्यासारखे वाटले. रस्ता खराब आहे.

३ मे
काका एसटीने आले. आधारची प्रत पुसट. रंगीत मागितली.

६ मे
पुन्हा आले. ठरावावर शिक्का अर्धाच उमटलेला. परत केला. घरात घेतले नाही, पण पाणी बाहेर नेऊन दिले. ऊन फार आहे. ते म्हणाले, तुह्या नियमाले धक्का नाई लावत बापू, चोख काम बरं असते. असे गिऱ्हाईक पाहिजे.

९ मे
ठराव बरोबर, आधार बरोबर. रहिवासी दाखल्याची झेरॉक्स होती, मूळ प्रत नव्हती. सोमवारी वाशीमले जातो म्हणाले. एकच कागद उरला. त्यांची छत्री काही आज दिसली नाही.
आनंद झाला. आज घरात झोपून पाहतो.

१० मे
ओट्यावर वारा चांगला आहे.

१३ मे, सकाळी १०.२०
काकांच्या नंबरवरून मुलीचा फोन. नाव संस्कृती, नात म्हणते. आबा काल दुपारी वाशीमच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले, पहाटे गेले. बाबा सुरतेहून निघाले, उद्या सकाळी पोचतील. पेटी आत्ता पाठवा, पैसे बाबा आल्यावर लगेच देतो.
मी शांत राहिलो. घाई आहे. भावनिक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या फोनवरून बोलणे आहे. तीन लक्षणे एकाच वेळी. मृत्यूच्या दाखल्याचा फोटो मागितला. ती म्हणाली, दाखल्यासाठीच तं गेलते आबा.
प्रश्नाला धरून उत्तर नाही. फोन ठेवला.

१३ मे, दुपारी १
आणखी सहा फोन. सातव्याआधी ब्लॉक केले. आईने विचारले, कोनाचा हाय? म्हणालो, फसवणूकवाले. तिने आणखी विचारले, मयत कोनाची सांगतात? मी नाव सांगितले. ती उठली आणि पेटीचा प्लग लावला. लाइट होती. काचेवर आतून वाफ धरली.
दुपारभर रिकामी पेटी गार होत राहिली. आई दाराकडे तोंड करून बसली. मीही बसलो. कोणी आले नाही. येणार कसे, पत्ता मी कोणालाच देत नाही. काका घर विचारत विचारत आले होते.
पाच वाजता बिलाच्या कारणाने प्लग काढला.

१५ मे
गोलू बाजारात भेटला. बातमी खरी आहे. बर्फ अनसिंगलाही मिळाला नाही, वाशीमलाही नाही. चव्वेचाळीसचे ऊन. सूर्य मावळायच्या आत उरकावे लागले. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. गोलू एवढे सांगून गेला, चहा घेतला नाही.
ब्लॉक काढला. नियमात कुठे चूक झाली ते पाहिले. सापडली नाही.

१७ मे
पेटी फुकट द्यायची ठरवून काकांच्या गावी घेऊन गेलो. गोलू भाडे घेत नव्हता.
समाजमंदिरात खिडकीजवळ नवा ओटा. साडेसहा फुटांचा, वर पांढरी फरशी, बाजूला प्लगचा पॉइंट. मी कोण ते न सांगता तिथल्या मुलीला विचारले. ती संस्कृतीच होती. म्हणाली, आबानं बांधून घेतला, अनसिंगहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग माझा आवाज ओळखून समोरच्या घरात निघून गेली.
काकांचा मुलगा बाहेर आला. पेटीकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले. मी म्हणालो, पैसे नकोत. तो म्हणाला, फुकट घ्याले बी ठराव लागन न. मी म्हणालो, नाही लागत. तो म्हणाला, ने बापू. आमच्या घरी आता थांबाले कोनी उरलं नाई.
येताना पुढच्या सीटवर गोलूने रिकामी कॅन ठेवली होती. मी मागे पेटीला टेकून बसलो. वाटेत लोक उभे राहून हात जोडत होते. सुरुवातीला मीही जोडले. मग खाली पाहत आलो.
हिशेब असा: ओटीपी सांगितला नाही, क्यूआर स्कॅन केला नाही, कोणी फसवले नाही. पेटीला ओरखडा नाही.
आईने दारातच थांबवले. अंगणात बादली भरून ठेवली होती. म्हणाली, आंघोळ करून ये. म्हणालो, रिकामी गेली, रिकामीच आली, कोणाच्या मयताला गेलोच नव्हतो. ती म्हणाली, कर.
केली. पाणी उन्हाने कढत झाले होते.