झिराडकरांची पिढी जोतीराम हेळव्याच्या हवाली

मी, हसाजी एलोजी झिराडकर, वय वर्षे एकाहत्तर, जात बेने इस्रायल (यहुदी), पूर्वी कालव्यावर मुकादम, आता घरबसल्या, राहणार बारामती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत लिहितो. छातीत काहीतरी बिघडले आहे असे डॉक्टर म्हणतात. भूक मात्र उत्तम लागते. तरी कागद झालेला बरा.

कलम पहिले. माझी पत्नी सिपोराबाई चार वर्षांपूर्वी वारली. आम्हांस मूल नाही. बारामतीचे घर पुतण्या रूबेन यास द्यावे. छत्रीही द्यावी, पण मोडकी. कारण काकूच्या मयतीला येऊन हा म्हणाला, "काका, आपल्या घराण्याची ही फांदी खुंटली." रूबेन, ते फार लागले रे बाबा. अजून लागते.

कलम दुसरे. लासुर्ण्याचे मोहनराव यांस पाटाच्या दाराचे माझे जुने कुलूप. माझ्या नोकरीभर त्यांनी पाळी नसताना पाणी घेतले आणि वर मलाच ऊस खायला बोलावले. किल्ली देऊ नये. ऊस गोड होता, हेही नमूद करतो.

कलम तिसरे, आणि मुख्य. जोतीराम हेळवी सुगी झाली की बैलावर बसून येतो, आळीतल्या घराघरांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणतो आणि जोंधळा घेऊन जातो. आमचे दार सोडून जाई. फांदी खुंटली त्या साली मीच त्याला हाक मारली, "आमचंही म्हण की!"

"तुमचं कूळ कंचं? देवक कंचं?"

देवक कुठले आणू? मी आमचा धर्मग्रंथ काढून आदामापासून वाचू लागलो. आदाम नऊशे तीस वर्षे जगला, मथुशलह नऊशे एकोणसत्तर. जोतीराम बैलावरून खालीच उतरला.

"आगागा! आन् जमिनीची वाटणी कवा झाली? पोरं वाट बघून म्हातारी झाली आसतील!"

मी ठसका लागेपर्यंत हसलो. त्याला म्हटले, कोणी म्हणतात ती वर्षे नव्हेत, महिने. कोणी म्हणतात तेव्हाची हवाच चांगली. मला काहीच पटलेले नाही. अमका जगला, मुले झाली, मेला, की पुढचे नाव. एवढ्या आयुष्याचे केले काय?

जोतीराम म्हणाला, "माजा बाप लौकर ग्येला. आजा टिकला, म्हून पिढ्या माज्या कानावर आल्या. ह्या मथुबाबाला आदाम भेटला व्हता का, बगा की."

मी हिशेब मांडला. भेटला असणार! दोनशेवर वर्षे दोघे एकाच काळी हयात होते. आणि मथुशलहाने नोहालाही पाहिले. म्हणजे पहिल्या माणसाची हकिगत जलप्रलयापर्यंत तीनच तोंडांतून आली.

"मंग? ऐकणारा मिळंपातूर थांबली ती म्हातारी मानसं."

"माझं ऐकणारा कोण, जोतीराम?" हे विचारताना मला रडू आले, लपवत नाही.

"मी हाय की! पोटचंच पायजे आसं कुठं हाय? ज्या घरचा जोंधळा, त्या घरची पिढी म्हनायची, ही आमची रीत."

म्हणून काटेवाडीची माझी सव्वा एकर बागायत आमच्या घरी कामाला असलेल्या धोंडाबाईस देतो. आजारपणात सिपोराबाईला शेवटपर्यंत तिनेच भरवले. अट एकच. दर साल जोतीरामास, त्याच्यामागे त्याच्या मुलास, पायलीभर जोंधळा द्यावा आणि आमच्या रीतीचा मलिदा, पोहे, गूळ व खोबरे घालून, ताटभर करावा. हे ऐकून धोंडाबाई म्हणाली, "दोन पायल्या दीन, पन बाईचं नाव बी घ्या." ग्रंथाच्या त्या पानात बायकांची नावे नाहीत. जोतीराम म्हणाला, घेऊ. शाब्बास धोंडाबाई, मला सुचले नव्हते.

पिढी आदामापासून म्हणावी. मधली नावे विसरल्यास रागावणार नाही; शेवटी हसाजी आणि सिपोरा ही दोन स्पष्ट म्हणावीत. ग्रंथात प्रत्येकाच्या मागे "तो मेला" असे येते. आमच्या मागे जोतीरामाने ते म्हणू नये. जोंधळा मिळतो आहे तोवर आमचे वय चालू धरावे. मथुशलहाला गाठायचे आहे.

सही: हसाजी एलोजी झिराडकर

आमच्यासमक्ष, हसत हसत सही केली. साक्षीदार:
सावळाराम गणू शिंदे, बारामती
झुंबर राघू माने, वरकुटे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम बारामती, तारीख ११ फेब्रुवारी १९३४