त्रेचाळीस नंबरची फ्रेम

१३ जानेवारी १९७८, शुक्रवार

प्रेक्षकांची गॅलरी बनवून संपली! साठ फ्रेमा. त्यातल्या एकतीस माझ्या हाताच्या. पुढच्या आठवड्यात मुंबईला परळच्या मैदानावर अखिल भारतीय कबड्डीचे सामने आहेत. त्याला येणारं सगळं पब्लिक आमच्या पिंपरीच्या शेडमध्ये वेल्डिंग केलेल्या पाइपांवर बसणार. खाली भीमराज वेल्डर, वर पाच हजार माणूस. असं कुणाजवळ बोललो नाही, पण खरं तेच आहे.

दुपारी मालकांनी फोटोग्राफर आणला. हातातलं काम टाकून सगळे ओळीत उभे राहिलो. मी मधोमध. ज्ञानदेव पण येत होता, त्याला म्हटलं, "तू राहू दे, कपडे बघ तुझे." तर म्हणाला, "व्हय, राहू द्या." मनाला लावून घेत नाही. मावळातला साधा माणूस. वेल्डिंग मात्र काय सांगावं! माझी रेघ माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक. त्याची म्हणजे गोगलगाय चालत गेलेली. जाड नि वाकडी. शंभरात ओळखू येते.

मग चहा-भजी. मालक म्हणाले, "सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की मेन वेल्डर कोण ते जाहीर करतो." कोण ते शेडच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे.

१६ जानेवारी, सोमवार

फ्रेमा रंगवून लॉरीत चढल्या. मुंबईला गेल्या. ज्ञानदेव संध्याकाळपासून आठवडाभर रजेवर— गावाला भावाच्या घराची भिंत बांधायची आहे म्हणे. इकडे मेन वेल्डर ठरायची वेळ नि हा भिंत बांधतोय. बरं आहे.

१८ जानेवारी, बुधवार

फोटोची कॉपी मिळाली. बायको, प्रभावती, म्हणाली, "मधोमध उभे म्हणजे नवरदेवच की." बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळा मारून लावला. शेजारचे बघून गेले. मग मी पुन्हा एकदा निवांत बघितला, नि खिळ्यावरून काढून दिव्याखाली नेला.

माझ्या मागे स्टँडवर एक फ्रेम आहे. क्लॅम्प तसेच लावलेले. ती त्रेचाळीस नंबरची. तिच्या तळाच्या जोडाला मी फक्त दोन टॅक मारले होते— पाइप जागेवर धरून ठेवण्यापुरते दोन ठिपके. पूर्ण वेल्ड मारणार तेवढ्यात फोटोची हाक आली. मग चहा. मग भजी. नंतर मी ती फ्रेम हातात घेतल्याचं काही केल्या आठवत नाही.

रंगाखाली टॅक नि वेल्ड सारखंच दिसतं. वर माणसं नाचायला लागली की नाही दिसणार सारखं.

१९ जानेवारी, गुरुवार

आज सामने सुरू. मालकांकडे रजा मागितली. खरं कारण तोंडातून निघालं नाही. "सामने बघायचेत" म्हणालो. ते म्हणाले, "अर्जंट ऑर्डर आहे रे. शनिवारी जा, आपली गॅलरी बघून ये." खरं सांगितलं असतं तर आजच पाठवलं असतं. मेन वेल्डर व्हायचं आडवं आलं. लाज वाटते लिहायला.

२० जानेवारी, शुक्रवार

सकाळी पेपर घ्यायला धावलो. पहिलं पान, शेवटचं पान. काही नाही. जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी, शनिवार. मुंबई, नायगाव, बहीण इंदुताईकडे

पहाटेच्या एसटीने निघालो, बाराला मैदानावर. केवढी गर्दी! गिरणीतली सुटलेली पाळी तशीच आलेली. झाडांवर, भिंतींवर माणसं. आणि मधे आमची गॅलरी, गच्च भरलेली. एक चढाई झाली की सगळे उभे राहून पाय आपटत होते. त्या भीतीतसुद्धा छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

गॅलरीखाली शिरायला लागलो तर बिल्लेवाल्या स्वयंसेवकाने दंड धरला. "कुठं चाललात राव? मागं व्हा." म्हटलं, "मी वेल्डर. ही मीच बनवलीय, एक जोड बघायचाय." तो हसला. मग माझ्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघितले नि हसायचा थांबला. "काही गडबड हाय का?" म्हटलं, "असली तर दोन मिनिटांत सांगतो. मग लोक उतरवा, माझं नाव घेऊन उतरवा." हे मात्र मी बोललो. त्याचं मला बरं वाटतं.

खाली वाकून गेलो. डोक्यावर हजारो पाय, अंगावर माती गळत होती. फ्रेमांवर पंच केलेले आकडे चाचपत गेलो. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. किल्लीने रंग खरवडला. किल्ली दोनदा पडली.

पूर्ण वेल्ड होता. चारी बाजूंनी. जाड नि वाकडा.

तिथेच मातीत बसलो. स्वयंसेवकाने वाकून विचारलं, "उतरवू का लोक?" म्हटलं, "नको, अजून शंभर चढवा."

२२ जानेवारी, रविवार

फायनल बघितली. बरोबर त्रेचाळीसच्या वर बसून. शेवटच्या चढाईला मीसुद्धा पाय आपटले. इंदुताई म्हणते, "लोक खेळ बघायला येतात, आमचा भीमा लोखंड बघायला आला." बघ म्हटलं ताई, किती भक्कम आहे. पिंपरीचं आहे.

२३ जानेवारी, सोमवार

ज्ञानदेव कामावर आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "व्हय. फोटो झाल्यावर तुमी च्याला गेला, मशीन चालूच व्हतं. मारून टाकला."

"मला सांगायचं नाही का?"

"त्यात काय सांगायचं? तुमी इसरला, मी न्हाई इसरलो. फ्रेम तर आपलीच हाय."

जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसलो. त्याच्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून खाल्ली.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदनाच्या आधी मालकांना त्रेचाळीस नंबरचं सगळं सांगितलं, नि म्हटलं, मेन वेल्डर ज्ञानदेवला करा. मालक म्हणाले, "तो सोळा तारखेला, रजेवर जायच्या आधी, माझ्याकडे येऊन मेन वेल्डरसाठी तुझं नाव सांगून गेलाय."