राजला बरं नसेल तर

प्रिय भूपेश,

आधी हे, की राज ठीक आहे. समोर बसून वरणभात खातोय, म्हणजे भाताचे डोंगर करतोय. आता बाकीचं नीट बसून वाच.

आपल्या तिघांच्या फोनवर उघडणाऱ्या या नोट्स मी रचल्या तेव्हा तू हसला होतास, घर चालवतेस की ग्रंथालय म्हणून. गॅस, पाण्याचा टँकर, आईंच्या प्रेशरच्या गोळ्या, प्रत्येकाचं वेगळं शीर्षक आणि सगळ्यांत वर अनुक्रमणिका. तिथल्या ओळीवर दाबलं की थेट ते शीर्षक उघडतं. आईंना वाचायला वेळ लागतो, म्हणून तर हा खटाटोप. त्यांच्याकडून मी एकच ओळ घोटून घेतली होती, 'राजला फिट आली तर'. कुशीवर कसं वळवायचं, नाकातला स्प्रे कुठल्या खणात, सगळं तिथे होतं.

मंगळवारी मी काशीमीऱ्याला गोदामात कामावर होते आणि घरी राजला फिट आली. आईंनी दाबलं, काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. मग मला फोन, "अगो, मी दाबते, पन काय उघडतंच न्हाय." मागून शेजारीण ओरडत होती, मुँह में चम्मच डालो. मी म्हटलं, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. ट्रकांच्या गोंगाटात त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे. रिक्षा हायवेवर अडकली, आणि आपला मुलगा श्वास घेतोय का, हे मी फोनवर विचारत होते. शांती नगरला घरी पोचले तोवर फिट थांबली होती. डॉक्टरांनीही तपासलं. मी मात्र कामावर फोन वाजला की अजून आधी घरचा नंबर आहे का ते बघते.

दुसऱ्या दिवशी नोट्स उघडल्या. ओळ जागेवर होती, पण ती ज्या शीर्षकाला जोडलेली, तेच बदललेलं. शीर्षकातला शब्द हलला की लिंक आंधळी होते. तिथे आता होतं, 'राजला बरं नसेल तर'. बदल कुणी केला तेही ॲप सांगतं. तू जहाजावरून केलास.

चिडले नाही असं लिहिणार होते, पण चिडले आहे. तुझ्या इंजिनरूममध्ये आगीच्या घंटेवर 'जरा गरम होतंय' अशी पाटी चालेल का? तुझं मन मला कळत नाही असं नाही. उत्तनच्या मामांना तू राजचा ताप डोक्यात गेला म्हणून सांगितलंस. मी व्हिडिओ कॉलवर 'फिट' हा शब्द काढला की तुझं नेटवर्क जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे, पण या मुठीत आपलं पोर आहे. मला भीती वाटते, भूपेश. फिटची वाटते, आणि तुझ्या गप्प राहण्याचीही.

फोनवर तू विषय बदलशील, म्हणून हे इथे नोट्समध्येच लिहिलं, अनुक्रमणिकेत सगळ्यांत वर, तुझ्या नावाने. ही लिंक चालते, मी दाबून पाहिलीय. आईंसाठी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय, तेव्हा सध्या त्यांचं अडणार नाही. पण तू बदललेलं शीर्षक मी तसंच ठेवलंय. काल राजने विचारलं, मम्मी, मला काय होतं? मी म्हटलं, पप्पा आले की सांगतील. त्याला सांगायच्या आधी तो शब्द तिथे एकदा तुझ्या हाताने लिही.

वाट बघणारी,
तुझीच
रुचिता