वीसपटीचा व्हॉल्व्ह आणि माझा भाऊ तेओफिलो

मी, लिओन्सिओ दुमलाओ, वय एकोणऐंशी, गोदी कामगार संघटनेचा माजी अध्यक्ष, राहणार ओलोंगापो, फिलिपिन्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे निकामी होत आली आहेत, डोके नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला की काय होते ते गोदीच्या मालकांना विचारावे.

१. घर मुलगी लिगाया हिला. कायद्याने तिला निम्मे द्यावेच लागते. मी सगळे देतो. जावयाने ते कोंबड्यांच्या झुंजीवर लावले, तर त्याने माझ्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येऊ नये.

२. चारशे अकरा पुस्तके नगर वाचनालयाला. संघटनेला नाही. तिच्या आजच्या पुढाऱ्यांनी पुस्तकांचे कपाट विकून कराओकेचे यंत्र घेतले. समासात मी लिहिलेल्या शिव्या कोणी खोडू नयेत.

३. घरी बनवलेला गिटारचा ॲम्प्लिफायर धाकटा भाऊ तेओफिलो याला. हे कलम लांबणार आहे.

तो आम्ही दोघांनी बनवला. नौदलाच्या तळावरच्या भंगारातले व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या, प्लायवूडची पेटी, डाख देऊन तारा जोडणारा तेओफिलो. त्यावर तो गिटार वाजवी आणि मी भाषणे करी. पहिला व्हॉल्व्ह शंभरपटीचा, म्हणजे आवाज शंभरपट वाढवणारा होता. माझा आवाज त्यातून फाटून, गुरगुरत बाहेर पडे आणि माणसे पेटून उठत.

१९८७ च्या संपात, अकराव्या दिवशी, गोदीच्या फाटकावर मी तासभर बोललो. यंत्र मवाळ वाटले. मागच्या रांगा माझ्यादेखत वळल्या आणि कामावर आत गेल्या. संप तिथेच मोडला. मी पेटी उघडली. शंभरपटीच्या जागी वीसपटीचा व्हॉल्व्ह होता. दोन्हींच्या पिना सारख्याच. अदलाबदलीला मिनिटही लागत नाही.

"कुया, मीच बदलला," तेओफिलो म्हणाला. थोरल्याला आमच्यात कुया म्हणतात. "तुझं काहीच कळायचं नाही रे. तिसऱ्या रांगेपलीकडे नुसती गुरगुर. वर यंत्राच्या शिट्ट्या. आज शब्द तरी पोचले."

"शब्द कोणी मागितले होते? किती घेतलेस मालकांकडून?"

हे मी चारशे माणसांसमोर विचारले. त्याने गिटार खांद्याला लावली आणि गेला. बत्तीस वर्षे तो तीन गल्ल्या पलीकडे राहतो. माझी बायको मिलाग्रोस गेली तेव्हा तो रस्त्यावर टोपी काढून उभा होता. मी त्याला आत बोलावले नाही.

गेल्या जानेवारीत एका मयताच्या घरी रात्र जागवायला पत्ते खेळताना दोमिंगो पास्कुआ शेजारी बसला. संपात हा वेल्डर सगळ्यात मागे उभा होता. मी म्हणालो, "तुम्हा मागच्यांना ऐकू आलं असतं, तर आज गोदी आपली असती."

"ऐकू आलं की, कुया," तो पत्ता टाकत म्हणाला. "त्या दिवशी पहिल्यांदाच आलं. अगदी स्वच्छ. 'पोरं उपाशी राहिली तर राहू देत' म्हणालात. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती, आणि बायकोचं दूध आटलेलं. म्हणून तर आत गेलो."

"आणि आधीच्या भाषणांना टाळ्या कशाला वाजवायचास?"

"आवाज भारी होता ना."

दुसऱ्या दिवशी मी तेओफिलोच्या दारात गेलो. आयुष्यभर हजारोंसमोर बोललेला माणूस. दार त्यानेच उघडले. मी विचारले, "मीठ आहे का?" त्याने वाटीभर दिले. मी घरी आलो. त्यानंतर दोनदा गेलो. माझ्या घरात आता वर्षभराचे मीठ आहे.

म्हणून इथे लिहितो, आणि लिगायाने हे त्याच्या दारात उभे राहून वाचावे: तेओफिलो, तू विकला गेला नव्हतास. यंत्र बरोबर होते. माझे भाषण वाईट होते.

संप मोडल्यावर शंभरपटीचा व्हॉल्व्ह मीच पुन्हा बसवला होता. तो काल काढला. पेटीत आता वीसपटीचा आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली. तेओफिलोला वारसा मिळत असल्याने त्याला साक्षीदार करता आले नाही. साक्षीदार पास्कुआ यांनी 'वाईट' खोडून 'कडक' लिहावे असे सुचवले. मी खोडलेले नाही.

सही: लिओन्सिओ दुमलाओ
साक्षीदार: दोमिंगो पास्कुआ, निवृत्त वेल्डर, रेमेदिओस तोलेन्तिनो, शिक्षिका, फाउस्तो अग्बायानी, न्हावी
ओलोंगापो, ९ सप्टेंबर २०१९